बघितलं की उसवायचं

३ जून

ताई,

फोन आपटलास. आता निदान मला माझं वाक्य पूर्ण करता येईल.

तू म्हणालीस, "तू आहेस ना त्या शाळेत, मग एक शब्द टाक की." मी म्हणाले, "असं नाही ग करता येत." त्यापुढे मी काय सांगणार होते ते तू ऐकलंच नाहीस. "मास्तरीण झालीस, आता आम्ही कोण," म्हणालीस आणि ठेवलास. दुकानात पाऊल टाकू नकोस असंही वर भाऊजींकडून कळवलंस. म्हणून हे पत्र. भाऊजी गणवेशांचे गठ्ठे न्यायला शाळेवरून जातातच, त्यांच्याच हाती देते. वाचलं नाहीस तरी चालेल असं मी म्हणणार नाही. वाच.

तुझ्या बटणला शाळेत प्रवेश मिळालेला आहे, तो प्रश्नच नाही. प्रश्न तुकडीचा आहे. पहिलीच्या मुलांना सुरुवातीलाच एका खोलीत बसवतात, खेळासारखं काहीतरी करायला देतात आणि एक बाई बाकांमधून फिरत ठरवतात, कोण निळ्या तुकडीत, कोण हिरव्या, कोण पिवळ्या. पालकांना आम्ही सांगतो की रंगांना क्रम नसतो. क्रम सगळ्यांना माहीत असतो. शिपायालाही. पिवळ्या तुकडीतला पंखा बिघडला की तो म्हणतो, "बघू, घाई काय आहे."

त्या फिरणाऱ्या बाईंच्या मदतीला मी होते. काल मी मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, लिहून दिलं की या मुलांत माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी आहे, तेव्हा मला यातून मोकळं करा. त्यांनी केलं. आता मी दारात उभी राहून मुलांना आत सोडणार आणि बाहेर घेणार, एवढंच. तुला वाटेल मी हात झटकले. मी हात झटकले नाहीत. उद्या बटण निळ्या तुकडीत बसली तर कुणी "मावशीनं बसवली" म्हणू नये, एवढंच मला हवं होतं. ती स्वतःच्या हातांनी बसेल. तिचे हात मी पाहिलेत.

संध्याकाळच्या माझ्या वर्गात सर सध्या शिक्षणाच्या समाजशास्त्रातल्या संज्ञा पाठ करून घेतायत. परीक्षेला व्याख्या आणि एकेक उदाहरण विचारतात. पहिली संज्ञा सांस्कृतिक भांडवल. मागे तुला वाचून दाखवली तेव्हा तू मशीनवरून मान वर न करता म्हणालीस, "भांडवल? मग आपल्याकडे आहे की. दोन मशिनी आणि अण्णांची कातर." मी हसले होते. सरांना सांगितलं तर तेही हसले, पण त्यांचं हसणं वेगळं होतं. त्या संज्ञेचा अर्थ असा: मूल घरातून जी शिदोरी बांधून आणतं, बसण्याची, बोलण्याची, मोठ्यांकडे बघण्याची रीत, ती शाळेला आधीपासून ओळखीची असली तर शाळा त्या मुलाला हुशार म्हणते. ओळखीची नसली तर शिदोरी उघडूनही बघत नाही.

परवा बटणला वेळेवर पाठव. केस घट्ट बांधू नकोस, तिला खाजतं.

तुझी,
मी

९ जून

ताई,

भाऊजींनी तुला "पिवळी" एवढंच सांगितलं असणार. काय झालं ते मी सांगते. मी दाराच्या काचेतून पाहिलंय.

प्रत्येक मुलापुढे एक ताट होतं, त्यात रंगीत लाकडी तुकडे, आणि समोर एक नक्षीचं चित्र. तुकड्यांनी तशी नक्षी जुळवायची. शेजारचा मुलगा एक तुकडा नाकाला लावून बसला होता. दुसरी मुलगी दर तुकड्याला ओरडत होती, "बाई, बघा! बाई, बघा ना!" आणि बाई दर वेळी जाऊन बघत होत्या. बटणने चित्राकडे एकदा नीट बघितलं, तुकडे रंगाप्रमाणे वेगळे केले, आणि कोपऱ्यापासून सुरू करून सगळी नक्षी जुळवली. कोपऱ्यापासून, ताई. अण्णा कापड लावतात तसं. सगळ्यांच्या आधी झाली तिची.

मग तिने वर बघितलं.

मग तिने नक्षी मोडली. तुकडे रंगाप्रमाणे रचले, ताट बाकाच्या कडेला सरकवलं आणि हात मांडीवर ठेवून बसली.

तुला समजावून सांगायची गरज नाही. आपण दोघी लेकी अण्णांच्या कातरकामाच्या टेबलाखाली बसून शिकलो. शाळा त्यानंतर. हातात चिंधी द्यायचे, सरळ टीप मारायला सांगायचे. चष्म्यावरून एकदा बघायचे, बरोबर आहे म्हणून मान हलवायचे, की आपण टीप उसवायची, दोरा परत रिळाला गुंडाळायचा, चिंधी हाताने सारखी करून ठेवायची. शिवलेली चिंधी कुठे पडलेली दिसली की विचारायचे, "काय, प्रदर्शन लावायचंय का?" आणि प्रश्न विचारायचा नाही. विचारलं म्हणजे बघितलं नाहीस. बटणही त्याच टेबलाखाली वाढतेय.

बाई तिच्यापाशी पोचल्या तेव्हा ताट आवरलेलं होतं. "काय ग बाळ, काहीच नाही केलंस?" बटण गप्प. "कर ना मग आता." ती गप्पच. झालेलं काम पुन्हा का करायचं, तिला कळलं नसणार. बाईंनी कागदावर लिहिलं, "प्रयत्न नाही."

मी दार उघडून आत गेले आणि सांगितलं. बाई म्हणाल्या, "अहो, मी ताटात बघते. ताटात काही नव्हतं." मग आम्ही मोठ्या बाईंकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्हीच लिहून दिलंय ना, मावशी म्हणून? मावशीला असं दिसणारच."

ताई, मला राग कशाचा आला सांगू? त्यांचं बरोबर होतं. मावशी नसते तर मला ते दिसलंच नसतं. मुलगी पसारा आवरतेय, एवढंच वाटलं असतं. ज्याला कळतं त्याची साक्ष चालत नाही, आणि ज्याची साक्ष चालते त्याला कळत नाही.

सरांच्या यादीत दुसरी संज्ञा आहे छुपा अभ्यासक्रम. पुस्तकात नसतो, कुणी शिकवत नाही, पण तपासतात मात्र तोच. त्याचा पहिला धडा आहे, केलेलं दिसू दे. तो बटणला घरी कुणी दिला नाही, आणि मलाही नाही. मी तो कॉलेजात शिकले, आणि अजून वर्गात हात वर करताना मला चोरी करतेय असं वाटतं.

पिवळ्याचं अजून पक्कं झालेलं नाही. मार्ग आहे. पुढच्या पत्रात लिहिते, आता तास आहे.

१३ जून

ताई,

तुझा निरोप भाऊजींनी गणवेशांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन फाटकात उभ्यानेच दिला. आधी म्हणाले, "मी फक्त सांगकाम्या, माझ्यावर डोळे काढायचे नाहीत." मग तुझ्या आवाजात: "पिवळी तर पिवळी. तिची आईही मागच्या बाकावरचीच होती, मेली नाही. आणि माझ्या पोरीला उसवू नको असं शिकवलंस तर गाठ माझ्याशी आहे."

दोन्हीला उत्तर देते. आधी दुसऱ्याला. मी तिला काही शिकवलेलं नाही. शिकवणारही नाही. आधी सांगून ठेवणं म्हणजे पेपर फोडणं आहे, आणि शिवाय, का म्हणून शिकवू? उसवते ते बरोबरच करते. बाईंनी वेळेवर बघायला हवं होतं.

आता मागचा बाक. तुला चौथीत बाईंनी "ठोकळा" म्हटलं. तू उत्तर द्यायच्या आधी थांबायचीस म्हणून. मग सगळा वर्ग म्हणायला लागला, मग तुला प्रश्न विचारणंच बंद झालं, आणि सातवीनंतर तू स्वतःच अण्णांना म्हणालीस, "माझ्या डोक्यात शिरत नाही, मला मशीनवर बसवा." ज्या बाईच्या डोक्यात चार गिऱ्हाइकांची मापं न लिहिता राहतात तिच्या डोक्यात शिरत नाही! याला आमच्याकडे शिक्का मारणं म्हणतात. आणि पुढे जे होतं त्याला स्वतःला खरं करणारं भाकीत म्हणतात. तू म्हणशील, एवढं लांबलचक नाव कशाला. पण नाव नसलं की माणसाला वाटतं, हे नशीबच आहे.

भाकीत इथे कसं खरं होतं ते मी रोज बघते. पिवळ्या तुकडीत पुस्तकातले मागचे धडे घेतच नाहीत. "त्यांना झेपत नाही." वर्षाच्या शेवटी परीक्षेत त्यांना मागचे धडे येत नाहीत. मग शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता, "बघा, आम्ही म्हटलं नव्हतं?" मी तिथेच बसलेली असते. परवा मी म्हणाले, "शिकवलंच नाही तर येणार कसं?" तर चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही नवीन आहात ना, चहा घ्या." मी चहा घेतला.

म्हणून ऐक. फेरनिरीक्षण मागता येतं. ते पालकांना दिलेल्या सूचनेच्या शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात आहे. निळ्या तुकडीच्या पालकांना ते पाठ असतं, पिवळ्यांना कुणी सांगत नाही. पण ते आई किंवा वडिलांनीच, स्वतः येऊन मागायचं असतं. मावशीला अधिकार नाही. भाऊजींना म्हटलं, तर म्हणाले, "त्या बाईंसमोर माझी बोबडी वळते, तिलाच सांगा."

पुढच्या शनिवारी दुपारपर्यंत मुदत आहे. तू ये.

१७ जून

ताई,

आज बुधवार. रोज तुझी वाट बघून माझी मान फाटकाकडे वाकडी झाली आहे.

काल मोठ्या बाईंनी बोलावलं. वाईट नाहीत त्या. दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं ते पत्र अजून माझ्या टेबलावरच आहे, फायलीत नाही गेलेलं. परत घ्या. मग तुम्ही फक्त एक शिक्षिका, जिने काहीतरी पाहिलं. माझं काम सोपं होतं, तुमचंही." पत्र त्यांनी माझ्याकडे सरकवलं.

मी घेतलं. पर्समध्ये ठेवलं, फाटकापर्यंत गेले. फाटकापाशी उभी राहिले आणि परत जाऊन त्यांच्या टेबलावर ठेवलं. तू काय म्हणशील ते मला इथून ऐकू येतंय. "एवढंसं खोटं, तेही खऱ्यासाठी!" पण ताई, बटण माझी कुणी नाही असं म्हणून मी तिच्यासाठी काय मिळवणार होते? आणि मग ती शाळेत मला काय हाक मारणार होती?

रात्रंदिवस माझ्या डोक्यात हेच आहे आणि मला तुझा संताप आलाय. खरंच आलाय. तू रागावून घरी बसलीस की तुला वाटतं तू त्यांना धडा शिकवलास. त्यांना कळतसुद्धा नाही की कुणी रागावलंय. त्यांच्या लेखी आणखी एक आई, जिला मुलीच्या शिक्षणाचं काही पडलेलं नाही. अगदी याच शब्दांत बोलतात, मी ऐकलंय. तू न येऊन त्यांचंच म्हणणं खरं करतेयस.

तुला काही बोलावं लागणार नाही, असं खोटं मी सांगणार नाही. बोलावं लागेल.

शनिवार. दुपारपर्यंत.

२५ जून

ताई,

आठ दिवस लिहिलं नाही. तू बोलत नाहीयेस तेव्हा मीही गप्प बसून बघितलं. जमलं नाही.

तू आलीस. मशीनवरून तशीच उठून, ब्लाऊजला दोरे लागलेले, बटणचा हात धरून. तुला बघून मला इतकं बरं वाटलं की मी काहीच बोलू शकले नाही. तेच चुकलं बहुतेक. आत जायच्या आधी चार शब्द बोलायला हवे होते.

तू खुर्चीच्या कडेवर बसलीस. मोठ्या बाई म्हणाल्या, "बोला, काय तक्रार आहे?"

तू म्हणालीस, "तक्रार नाही. तुम्ही बघा."

ताई, त्या खोलीत याचा अर्थ फक्त आपल्या दोघींना माहीत होता. बाही आखूड झाली म्हणून गिऱ्हाईक भांडायला आलं की अण्णा कपडा त्याच्यापुढे पसरतात आणि म्हणतात, "तुम्ही बघा." म्हणजे काम खणखणीत आहे, माझ्यादेखत माप लावा. यापेक्षा मोठं आव्हान आपल्या घरात नाही. मोठ्या बाईंनी ऐकलं, की तक्रार नाही. "छान, मग तुमचं समाधान झालंय म्हणायचं," म्हणाल्या आणि पेन उघडलं.

तू वाट बघत होतीस त्या उठून बघायची. मी तुझ्या मागे उभी राहून वाट बघत होते तू आणखी काही बोलायची. मोठी बहीण बोलत असताना धाकटीने तोंड उघडायचं नाही, हे मला कुणी सांगितलेलं आठवत नाही. पण माझा जबडा तेवढ्यापुरता खरोखर उघडत नव्हता. संज्ञांच्या यादीत यालाही एक नाव आहे, अंगात मुरलेली घडण. व्याख्या मला पाठ होती. तिचा काही उपयोग झाला नाही.

पेन कागदाला टेकलं तेव्हा मी बोलले.

मी काय काय बोलले ते तू ऐकलंस. टेबलाखालची शाळा, चिंधी, रीळ, प्रदर्शन, सगळं. आणि शेवटी तेही, जे मी तुझ्यापासून पत्रात लपवलं होतं. मी लिहिलं होतं, "मग तिने वर बघितलं." कुणाकडे ते लिहिलं नव्हतं. बाईंची पाठ होती. तिने दाराच्या काचेतून माझ्याकडे बघितलं. आणि मी मान हलवली. विचार न करता, अण्णा हलवतात तशी. म्हणून तिने उसवलं. मी त्या दारात नसते तर ती नक्षी तशीच ठेवून कुणीतरी बघायची वाट बघत बसली असती, आणि बाईंना ताटात सापडली असती. स्वतःला त्यातून बाजूला काढण्यासाठीच मी त्या दारात उभी होते.

मोठ्या बाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही तिला खूण केलीत?" मी "हो" म्हणाले. त्यांनी पेन मिटलं. मग त्यांनी त्याच बाईंना बोलावलं आणि ताट आणायला सांगितलं.

पुढचं तू माझ्याहून जवळून पाहिलंस, पण मला लिहायलाच हवं. बाई या वेळी बटणच्या शेजारी उभ्या राहिल्या. तिने कोपऱ्यापासून सुरू केलं, पूर्ण केलं आणि वर बघितलं. तुझ्याकडे.

तू मान हलवली नाहीस.

मी तुला काही सांगितलं नव्हतं. तुझं तुलाच कळलं. गळ्याची शीर ताठ झालेली मला दिसत होती. बटण थांबली. मग तिने एक तुकडा उचलून परत तिथेच ठेवला. पुन्हा बघितलं. तू तशीच. तिने दुसरा तुकडा उचलून ठेवला. बाई "वा! फारच छान!" म्हणाल्या. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिची हनुवटी थरथरायला लागली तरी तू मान हलवली नाहीस, बाईंचं लिहून होईपर्यंत.

बाहेर आल्यावर तू मला म्हणालीस, "मान हलवलीस त्यात कसलं पाप? मी दारात असते तर मीही हलवली असती." इतके दिवस मी ज्याच्यासाठी झोपले नव्हते ते तू एका वाक्यात पुसून टाकलंस. आणि लगेच म्हणालीस, "पण माझ्यादेखत माझ्या तोंडचं बोललीस. आपलं घर उलटं करून आतली शिवण दाखवलीस त्यांना."

हो. दाखवली. दुसरं काय करायला हवं होतं ते तू सांग, मी ऐकते. मला माफी मागता येत नाहीये. मी प्रयत्न केला, दोन कागद फाडले. असा प्रसंग पुन्हा आला तर मी पुन्हा तुझ्याआधी बोलेन. एवढं मात्र केलं, की परवा सरांच्या परीक्षेत व्याख्या सगळ्या लिहिल्या आणि उदाहरणांच्या जागा कोऱ्या सोडल्या. सरांनी विचारलं, "उदाहरणं सुचली नाहीत?" मी "नाही" म्हणाले. आपण त्यांच्यासाठी उदाहरण नाही.

बटण निळ्या तुकडीत आहे. तुला कळलं असेलच. ज्यांच्या आयांना ती शेवटची ओळ माहीत नव्हती ती मुलं पिवळ्यातच आहेत. त्यांतलं कुणी काय जुळवून परत आवरून ठेवलं, मला माहीत नाही. मी त्या दिवशी एकाच बाकाकडे बघत होते.

आणि एक. जिन्यात तिने तुझा पदर ओढून विचारलं, "आई, चुकलं होतं का ग?" तू माझ्याशी बोलण्यात होतीस. मग "चल" म्हणालीस आणि तिला घेऊन निघून गेलीस. काल मधल्या सुट्टीत ती मला वऱ्हांड्यात भेटली. मी विचारलं, "काय ग, कसा आहे नवा वर्ग?" तर म्हणाली, "बरा आहे, बाई." मावशी नाही म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "माझं चुकलं होतं, तरी मला इकडे बसवलंय. कुणाला सांगू नका हं."

मी तिला समजावलं. तिने मान डोलावली, वर्गात सगळी मुलं बाईंपुढे डोलावतात तशी. मी सांगितलेलं आता बाईंनी सांगितल्यासारखं होतं, ताई. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण तिला जवळ घे आणि तू सांग.